रक्ताची साक्ष : कर्करोगाच्या उपचारानंतरची तपासणी

कर्करोगावरील शस्त्रक्रिया पार पडली, किरणोपचारांचे आणि औषधांचे फेरे पुरे झाले, आणि रोगी घरीं परतला, म्हणजे घरांतील माणसांना दुखणें संपलें असें वाटूं लागतें. नातेवाईक भेटून जातात, बोललेले नवस फेडले जातात, खोळंबलेलीं लग्नकार्यें पुन्हां ठरूं लागतात. परंतु रुग्णालयांतून निघतांना हातीं दिलेल्या कागदावर एक ओळ लिहिलेली असते : तीन महिन्यांनीं रक्त तपासून यावें. ती तारीख जवळ येऊं लागली कीं घरांतलें बोलणें कमी होतें. हातांतून रक्त काढून घेण्यास दोन मिनिटें पुरतात. आंकडा हातीं येईपर्यंतची रात्र मात्र सरतां सरत नाहीं. आंकडा उतरलेला दिसला, तर तीन महिन्यांची मुदत मिळाल्यासारखें वाटतें. किंचित् चढलेला दिसला, तर त्या एका अंकाखालीं सगळें घर दबून जातें.

या आंकड्याचा खरा अर्थ काय, तो कोणत्या रोगांत विश्वासार्ह असतो आणि कोणत्या रोगांत नसतो, तो लवकर कळल्यानें रोग्याचें कांहीं हित साधतें कीं केवळ त्याची चिंता लवकर सुरू होते, हे प्रश्न शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांपुढें आज उभे आहेत. त्यांचा विचार शांत चित्तानें, आंकडा हातीं येण्याच्या अगोदरच झालेला बरा. कारण कागद हातांत असतांना विचार होत नाहीं, फक्त घाबरणें होतें.

रोग उलटतो म्हणजे काय होतें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. शस्त्रवैद्य गांठ कापून काढतो, तेव्हां डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा रोग निघून जातो. परंतु त्यापूर्वींच कांहीं पेशी मूळ गांठींतून सुटून रक्तावाटे किंवा रसवाहिन्यांवाटे यकृत, फुप्फुसें, हाडें अशा दूरच्या ठिकाणीं जाऊन बसलेल्या असूं शकतात. त्या इतक्या थोड्या व इतक्या विखुरलेल्या असतात कीं कोणत्याही छायाचित्रांत उमटत नाहींत. एक सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे वाटाण्याहून थोड्या मोठ्या गांठींतही दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असतात. यावरून, डोळ्यांना दिसूं लागण्यापूर्वीं रोगाचा केवढा काळ अदृश्य स्थितींत गेलेला असतो, याची कल्पना येईल. शस्त्रक्रियेनंतर जीं औषधें दिलीं जातात तीं या अदृश्य शेषासाठींच असतात. पुष्कळांच्या बाबतींत तो शेष उरलेलाच नसतो, किंवा औषधांनीं नाहींसा होतो. कांहींच्या बाबतींत मात्र तो टिकून राहतो आणि महिन्यांनीं वा वर्षांनीं पुन्हां डोकें वर काढतो. शेतांतील हरळी उपटली तरी मुळीचा एखादा तुकडा मातींत राहिला तर पावसाबरोबर ती पुन्हां फुटते, तशांतलाच हा प्रकार आहे.

मुंबईंत परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालयाचें उद्घाटन झालें. त्या काळीं उपचारानंतर रोग्यावर लक्ष ठेवण्याचीं मुख्य साधनें म्हणजे वैद्याचा हात, त्याचा डोळा, वजनाचा कांटा आणि क्ष-किरणांचें छायाचित्र हींच होतीं. तथापि, रोगाची चाहूल शरीरांतील द्रवांत लागूं शकते हें ज्ञान त्याहून जुनें होतें. लंडनचे डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनीं १८४७ सालीं एका रोग्याच्या मूत्रांत आढळलेल्या विलक्षण प्रथिनाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तो रोगी अस्थिमज्जेच्या कर्करोगानें पीडित होता, आणि तें प्रथिन त्या रोगाचीच निशाणी होती. कर्करोगाची पेशी आपल्या जागीं स्वस्थ बसत नाहीं, ती कांहीं द्रव्यें बनवून बाहेर टाकीत असते, आणि तीं द्रव्यें ओळखतां आलीं तर पेशी न दिसतांही तिचें अस्तित्व ताडतां येतें, हें तत्त्व त्यांतून पुढें आलें.

या तत्त्वाला खरें बळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिळालें. मॉस्को येथील गॅरी अबेलेव्ह यांना १९६३ सालीं यकृताचें अर्बुद झालेल्या उंदरांच्या रक्तांत एक प्रथिन सांपडलें, जें एरवीं केवळ गर्भावस्थेंत तयार होतें. पुढच्याच वर्षीं, १९६४ सालीं, तातारिनोव्ह यांना तें माणसाच्या रक्तांतही आढळलें. १९६५ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रिअल येथें फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत असेंच एक द्रव्य मिळालें. तेंही गर्भाच्या आंतड्यांत विपुल असतें आणि जन्मानंतर जवळजवळ नाहींसें होतें. कर्करोगाची पेशी जणूं बालपणीं विसरलेली विद्या म्हातारपणीं पुन्हां आठवून तेंच द्रव्य बनवूं लागते. या द्रव्याला त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून सी. ई. ए. असें म्हणतात.

परंतु द्रव्य असणें वेगळें आणि तें मोजतां येणें वेगळें. सी. ई. ए. रक्तांत नॅनोग्रॅमच्या मापानें असतें; एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. एवढें सूक्ष्म वजन कोणत्याही तराजूनें होणार नाहीं. तें होऊं लागलें याचें श्रेय न्यूयॉर्क येथील रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांच्याकडे जातें. १९६० सालाच्या सुमारास त्यांनीं किरणोत्सर्गी खूण लावलेल्या द्रव्याच्या साह्यानें रक्तांतील अत्यल्प घटक मोजण्याची पद्धति तयार केली. बर्सन १९७२ सालीं वारले; यालोबाईंना १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९७५ सालीं कोहलर आणि मिलस्टाइन यांनीं एकाच प्रकारचीं प्रतिद्रव्यें हव्या तेवढ्या प्रमाणांत बनविण्याची युक्ति शोधून काढली, तेव्हांपासून या परीक्षा गावोगांवच्या प्रयोगशाळांपर्यंत पोंचण्याचा मार्ग मोकळा झाला. आज ज्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात तीं अर्बुदसूचक द्रव्यें हींच होत.

रक्ताच्या किंवा मूत्राच्या अशा साक्षीनें माणसाचा जीव वांचल्याचें सर्वांत ठळक उदाहरण वारेच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगाचें आहे. हा रोग तरुण स्त्रियांना गर्भधारणेनंतर होतो, आणि फुप्फुसांत पसरला म्हणजे पूर्वीं तो बहुधा प्राणघातक ठरे. या रोगाच्या पेशी एच. सी. जी. नांवाचा संप्रेरक मोठ्या प्रमाणांत सोडतात. अमेरिकेंत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत डॉ. मिन चिऊ ली आणि डॉ. रॉय हर्ट्झ यांनीं १९५६ सालीं मेथोट्रेक्सेट या औषधानें अशा रोगी स्त्रियांना आलेला विलक्षण गुण प्रसिद्ध केला. क्ष-किरणांच्या छायाचित्रांतून फुप्फुसांतील गांठी पार नाहींशा झाल्या. रोग गेला, आतां हें जहाल औषध थांबवावें, असें सर्वांनाच वाटलें. परंतु संप्रेरकाचें मोजमाप, जें त्या वेळीं मूत्रावरून होत असे, शून्यावर आलेलें नव्हतें. डॉ. ली यांनीं आंकडा पूर्णपणें उतरेपर्यंत औषध चालूंच ठेवलें. दिसत नसलेल्या रोगासाठीं रोग्याच्या शरीरांत विष घालणें सहकाऱ्यांना पसंत पडलें नाहीं, आणि डॉ. ली यांना ती संस्था सोडावी लागली. पुढें काळानें निकाल दिला. आंकडा उरला असतां ज्यांचें औषध थांबलें त्यांचा रोग उलटला. आंकडा पूर्ण उतरेपर्यंत ज्यांना औषध मिळालें त्या बऱ्या झाल्या. १९७२ सालीं लास्कर पारितोषिक देऊन डॉ. ली यांचा गौरव करण्यांत आला. आज या रोगांत एच. सी. जी.चा आंकडा हाच उपचाराचा मुख्य वाटाड्या आहे, आणि उपचार संपल्यावरही तोच पहारा करतो.

या उदाहरणाचा मोह मोठा आहे. जें एका रोगांत झालें तें सर्व रोगांत होईल, असें मनाला वाटूं लागतें. परंतु तेथें तीन गोष्टी एकत्र जुळून आल्या होत्या, हें विसरतां कामा नये. पहिली, त्या रोगाच्या पेशी तें द्रव्य हमखास बनवितात, आणि गर्भारपण वगळलें तर शरीरांत तें वाढण्याचीं दुसरीं कारणें फार थोडीं आहेत. दुसरी, उरलेला रोग नष्ट करूं शकेल असें औषध हातीं होतें. तिसरी, तें औषध उशिरां देण्यापेक्षां लवकर देण्यांत रोग्याचा प्रत्यक्ष लाभ होता. या तीनही कसोट्या जेथें उतरतात तेथें रक्ताची परीक्षा अमोल आहे. जेथें त्यांतील एखादी उतरत नाहीं, तेथें आंकडा खरा असूनही निरुपयोगी ठरूं शकतो.

मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाला या कसोट्या लावून पाहाव्या. हा रोग उलटतो तेव्हां पुष्कळदां तो यकृतांत उगवतो, आणि तेथील गांठी थोड्या असतील तर त्या कापून काढतां येतात. कांहीं रोगी त्यानंतर कायमचे बरे होतात. म्हणजे दुसरी कसोटी येथें बऱ्याच अंशीं उतरते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर पहिलीं दोन वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं, आणि त्यापुढें पांच वर्षें पुरीं होईपर्यंत दर सहा महिन्यांनीं सी. ई. ए. पाहण्याची प्रथा आहे. पहिली कसोटी मात्र येथें लंगडी पडते. कांहीं अर्बुदें हें द्रव्य बनवीतच नाहींत. उलट, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तांत रोग नसतांही तें अधिक असतें. यकृताचे विकार, स्वादुपिंडाचा दाह, आंतड्याचा जुनाट दाह यांतही तें चढतें. आणि औषधयोजना चालू असतांना कांहीं काळ उगीच वर जाऊन पुन्हां उतरतें. म्हणून एकच चढलेला आंकडा म्हणजे रोग उलटल्याचा पुरावा नव्हे. कांहीं आठवड्यांनीं परीक्षा पुन्हां करावी लागते, आणि एका आंकड्याकडे न पाहतां आंकड्यांच्या ओळीकडे पाहावें लागतें. प्रत्येक वेळीं थोडा थोडा पण सतत चढत जाणारा आंकडा, हीच खरी सूचना होय.

तिसऱ्या कसोटीचें काय ? इंग्लंडमध्यें १२०२ रोग्यांचा एक विस्तृत प्रयोग झाला, आणि त्याचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत रोग्यांचे चार गट चिठ्ठ्या टाकाव्या तसे पाडण्यांत आले. एका गटाला केवळ लक्षणें दिसलीं तरच तपासावें, दुसऱ्याचें रक्त नियमानें पाहावें, तिसऱ्याचीं सी. टी. छायाचित्रें काढावीं आणि चौथ्याच्या बाबतींत दोन्हीही करावें, अशी योजना होती. उलटलेला रोग बरा करण्याच्या उद्देशानें शस्त्रक्रिया करतां आली, अशा रोग्यांचें प्रमाण पहिल्या गटांत २.३ टक्के, रक्तपरीक्षेच्या गटांत ६.७ टक्के, छायाचित्रांच्या गटांत ८ टक्के आणि दोन्ही करणाऱ्या गटांत ६.६ टक्के निघालें. म्हणजे लक्ष ठेवल्यानें अधिक लोकांना दुसरी संधि मिळाली. परंतु रक्त आणि छायाचित्र दोन्ही केल्यानें त्यांत भर पडली नाहीं. शिवाय, मृत्यूंच्या संख्येंत या गटांमध्यें निर्णायक फरक दिसला नाहीं. लाभ आहे, पण घरोघरीं समजतात तेवढा मोठा नाहीं, असा याचा प्रामाणिक अर्थ आहे.

याच्या अगदीं उलट बाजू स्त्रियांच्या बीजाशयाच्या कर्करोगांत दिसते. या रोगांत सी. ए. १२५ नांवाचें द्रव्य रक्तांत चढतें. डॉ. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८१ सालीं तें ओळखणारें प्रतिद्रव्य तयार केलें. उपचारानंतर हा आंकडा चढला तर रोग उलटत आहे असें बहुधा खरेंच निघतें, आणि तेंही लक्षणें दिसण्याच्या कित्येक महिने अगोदर. तेव्हां आंकडा चढतांच औषध सुरू करावें, म्हणजे आयुष्य वाढेल, हें इतकें सरळ वाटत होतें कीं त्याची परीक्षा करण्याची गरजच कोणास भासूं नये. तरीही ब्रिटनमधील आणि इतर देशांतील वैद्यांनीं ती केली. बऱ्या झालेल्या स्त्रियांचें रक्त दर तीन महिन्यांनीं तपासलें जाई, पण आंकडा त्यांनाही सांगत नसत आणि त्यांच्या डॉक्टरांनाही नाहीं. आंकडा सामान्य मर्यादेच्या दुपटीवर गेला म्हणजे त्या स्त्रियांचे दोन गट केले जात. असा आंकडा चढलेल्या ५२९ स्त्रियांपैकीं निम्म्यांना लगेच औषध दिलें गेलें. उरलेल्यांना लक्षणें दिसूं लागल्यावरच दिलें गेलें.

२०१० सालीं प्रसिद्ध झालेला निकाल अनेकांना धक्का देणारा होता. लगेच औषध घेतलेल्या स्त्रियांच्या आयुर्मर्यादेचा मध्यांक २५.७ महिने, आणि थांबलेल्या स्त्रियांचा २७.१ महिने, म्हणजे दोहोंत अर्थपूर्ण असा फरकच नव्हता. पहिल्या गटांतील स्त्रियांचें औषध सुमारें पांच महिने आधीं सुरू झालें, आणि त्यांच्या नित्य जीवनाचें स्वास्थ्यही लवकर ढासळलें. थांबलेल्या स्त्रियांना मिळालेले ते पांच महिने औषधावांचूनचे, आपल्या घरांतले आणि आपल्या कामांतले होते. त्या प्रयोगानंतर या रोगावरील औषधें पुष्कळ बदललीं आहेत, आणि उलटलेल्या रोगावर पुन्हां शस्त्रक्रिया कोणासाठीं योग्य याचाही विचार पुढें गेला आहे. म्हणून हा निकाल आज प्रत्येकीला जसाच्या तसा लागू पडेल असें नाहीं. परंतु आधीं कळलें म्हणजे हित झालेंच, या समजुतीला त्यानें कायमचा धक्का दिला यांत संशय नाहीं. आपल्या देशांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सी. ए. १२५ पोटांतील क्षयरोगानेंही चढतें, आणि मासिक पाळीच्या दिवसांतही थोडें चढूं शकतें. पोटांत पाणी आणि रक्तांत मोठा आंकडा असलेली प्रत्येक स्त्री कर्करोगानेंच आजारी असते असें नव्हे.

स्तनाच्या कर्करोगाविषयीं याहूनही स्पष्ट सांगतां येतें. इटलींत १३२० स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगाचा निकाल १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटाची हाडांचीं चित्रें, छातीचीं छायाचित्रें, यकृताची तपासणी आणि रक्ताच्या परीक्षा ठराविक काळानें होत. दुसऱ्या गटाला डॉक्टरांची नियमित भेट, स्तनाचें छायाचित्र आणि लक्षणें दिसलीं तर योग्य ती तपासणी एवढेंच होतें. आयुष्याच्या लांबींत फरक पडला नाहीं, आणि जीवनाच्या सुखांतही नाहीं. म्हणून प्राथमिक अवस्थेंतील स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या, कांहीं लक्षण नसलेल्या स्त्रीचें रक्त अर्बुदसूचक द्रव्यांसाठीं नित्यनेमानें तपासूं नये, असाच सल्ला अमेरिकेंतील कर्करोगतज्ज्ञांची संस्था देते. तरीही शहरांतील प्रयोगशाळा अनेक परीक्षांची एकत्र जुडी सवलतीच्या दरांत देतात, आणि काळजीपोटीं मुलें आईच्या नांवानें ती मागवितात. त्या प्रेमाचें मोल कमी नाहीं. पण ज्या प्रश्नाचें उत्तर हातीं आल्यावर करण्यासारखें कांहीं निराळें नाहीं, तो प्रश्न रक्ताला विचारण्यांत शहाणपणही नाहीं.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची गोष्ट आणखी निराळी. ती ग्रंथि समूळ काढल्यावर पी. एस. ए. हें द्रव्य रक्तांत जवळजवळ राहतच नाहीं. म्हणून तें पुन्हां दिसूं लागणें ही रोग उलटल्याची अत्यंत सूक्ष्म खूण असते. दोन परीक्षांत आंकडा ०.२ नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक आला म्हणजे रोग रक्तांत परतला असें समजतात. साक्ष खरी आहे, पण घाई कितपत करावी ? अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील सुमारें दोन हजार रोग्यांच्या नोंदी १९९९ सालीं प्रसिद्ध झाल्या. ज्यांचा आंकडा चढला त्यांच्यांत दूरच्या अवयवांत रोग दिसूं लागण्यास मध्यमानानें आठ वर्षें लागलीं, आणि त्यानंतरही मध्यमानानें पांच वर्षांचें आयुष्य होतें. अर्थात् सर्वांची गति सारखी नसते. आंकडा किती महिन्यांत दुप्पट होतो यावर पुष्कळ अवलंबून असतें, आणि कांहींना वेळेवर किरणोपचार दिल्यानें निश्चित लाभ होतो. परंतु सत्तरीच्या गृहस्थाचा आंकडा संथपणें सरकत असेल, तर ज्या रोगाची भीति घर बाळगतें त्याच्या आधीं त्याचें नैसर्गिक आयुष्य सुखानें पुरें होण्याचा संभव पुष्कळ असतो.

अलीकडे या क्षेत्रांत एक नवें दालन उघडलें आहे. रक्ताच्या द्रवांत पेशींबाहेर मोकळीं फिरणारीं न्यूक्लिक अम्लें असतात, ही गोष्ट फ्रान्समधील मांदेल आणि मेताय यांनीं १९४८ सालींच नोंदविली होती. मरणाऱ्या पेशींतून सुटलेले हे डी. एन. ए.चे तुकडे कांहीं तासांतच नाहींसे होतात. त्यांत कर्करोगाच्या पेशींचेही तुकडे असतात, आणि त्या पेशींतील विशिष्ट बिघाडावरून ते ओळखतां येतात. सी. ई. ए.सारखें द्रव्य निरोगी शरीरही थोडेंबहुत बनवितें. हा बिघाड मात्र त्या रोग्याच्या त्या अर्बुदाचाच असतो, म्हणून त्याची साक्ष अधिक नेमकी असते. ऑस्ट्रेलियांत मोठ्या आंतड्याच्या दुसऱ्या पायरीवरील कर्करोगाच्या ४५५ रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर रक्तांत असे तुकडे सांपडले तरच औषध द्यावें, असें एका गटासाठीं ठरविलें. दुसऱ्या गटांत नेहमींच्या रीतीनें निर्णय घेतला. पहिल्या गटांत केवळ १५ टक्के रोग्यांना औषध घ्यावें लागलें, दुसऱ्यांत २८ टक्क्यांना. आणि दोन वर्षांनीं रोग न उलटतां राहिलेल्यांचें प्रमाण अनुक्रमें ९३.५ व ९२.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेंच होतें. येथें परीक्षेनें कित्येकांना औषधाच्या त्रासांतून सोडविलें. परंतु ही परीक्षा महाग आहे, आणि तुकडे न सांपडले म्हणजे रोग नाहींच अशी हमी ती देत नाहीं. या परीक्षेनें प्रत्येक प्रकारच्या कर्करोगांत आयुष्य वाढतें, असेंही सिद्ध झालेलें नाहीं. नव्या साक्षीदारालाही त्याच तीन कसोट्या लावाव्या लागतात.

एवढ्या विवेचनावरून कुटुंबानें व्यवहारांत काय करावें ? सर्वांत महत्त्वाचें कृत्य परीक्षेच्या नंतरचें नसून आधींचें आहे. रक्त देण्यापूर्वीं डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा : हा आंकडा चढला तर आपण पुढें काय कराल, आणि तें आतांच करण्यांत काय लाभ आहे ? उत्तर स्पष्ट असेल, जसें कीं छायाचित्र काढून यकृतांतील गांठ कापतां येईल का तें पाहूं, तर परीक्षा अवश्य करावी आणि तारीख चुकवूं नये. त्यांनीं विचार करून ही परीक्षा नको असें सांगितलें, तर तो हलगर्जीपणा समजूं नये. परीक्षा शक्य तोंवर एकाच प्रयोगशाळेंत आणि एकाच पद्धतीनें करावी; निरनिराळ्या पद्धतींचे आंकडे एकमेकांशीं ताडून पाहतां येत नाहींत. सर्व कागद तारखेच्या क्रमानें एका ठिकाणीं ठेवावे. मध्यें ताप, कावीळ, अन्य आजार झाला असेल, तंबाखूचें व्यसन पुन्हां जडलें असेल, तर डॉक्टरांना सांगावें. आंकडा किंचित् हलला म्हणून रात्रींतून उपचार बदलण्याची घाई करूं नये.

याच्या उलट चूकही तितकीच घातक असते. आंकडा उत्तम आहे म्हणून शरीराची तक्रार धुडकावली जाते. शौचावाटे रक्त पडणें, वजन विनाकारण घटणें, एकाच हाडांत दिवसेंदिवस वाढणारी वेदना, न थांबणारा खोकला, पोट फुगणें, नवी गांठ हाताला लागणें, यांपैकीं कांहीं घडलें तर पुढच्या तारखेची वाट न पाहतां डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. रक्तानें कांहीं सांगितलें नाहीं, म्हणून शरीर खोटें बोलत आहे असें होत नाहीं.

शेवटीं एक प्रश्न वैद्यकाच्या बाहेरचा, पण घरोघरचा आहे. हल्लीं परीक्षेचा निकाल पुष्कळदां मुलाच्या दूरध्वनीवर येतो. वडिलांच्या आधीं तो मुलाला कळतो, आणि आंकडा चढलेला असला तर वडिलांना "सर्व ठीक आहे" असें सांगितलें जातें. यामागें माया असते. परंतु त्यामुळें घरांत दोन तऱ्हेचें वागणें सुरू होतें. मुलें हळू आवाजांत बोलतात, सुनेच्या चेहऱ्यावरून वडील ताडतात, आणि ज्याचें दुखणें आहे तोच तेवढा त्या विचारविनिमयांतून वगळला जातो. रक्त ज्याच्या हातांतून काढलें, आंकडाही त्याचाच आहे. आपल्याला सगळें कळावें कीं केवळ निर्णय घेण्यापुरतें कळावें, वरचेवर तपासावें कीं लक्षण दिसेपर्यंत निश्चिंतपणें राहावें, हें पहिली परीक्षा होण्यापूर्वींच रोग्याला विचारावें, आणि त्यानें सांगितलेलें पाळावें. बीजाशयाच्या कर्करोगाच्या त्या प्रयोगानें वैद्यांना जें शिकविलें तेंच कुटुंबांनींही शिकण्यासारखें आहे. आंकडा न जाणतां काढलेले महिने पुष्कळदां वायां गेलेले नसतात. अशा महिन्यांत कोणी नातवाला शाळेंत पोंचवितो, कोणी अर्धवट राहिलेलें विणकाम पुरें करते, कोणी दुपारीं खिडकींत बसून वर्तमानपत्र वाचतो. उपचार ज्यासाठीं केले तें आयुष्य हेंच आहे. तपासणीनें त्याचें रक्षण करावें, त्याची जागा घेऊं नये.